बदकाच्या पायांची होडी आणि मी

मी एक जुना लोखंडी टब आहे. वय विचारू नका, बुडाला दोन ठिगळे आहेत एवढेच सांगतो. कारखान्यात ठोकून ठोकून मला आकार दिला. मग कित्येक वर्षे मी कपडे धुण्याच्या दुकानात चादरी भिजवल्या. "असा टब शोधून सापडायचा नाही," असे मालकीणबाई म्हणायच्या. पुढे धुलाईयंत्रे आली आणि माझी रवानगी मागच्या अंगणात, मोडक्या खुर्च्यांशेजारी झाली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

तिथून मला सुतारकाकांनी उचलले. शाळेच्या कार्यशाळेत ते मुलांना हत्यारे धरायला शिकवतात. प्राणी नीट बघायचे आणि त्यांच्यासारखे काहीतरी बनवायचे, हा त्यांच्या वर्गाचा नेम. पाण्यातल्या सगळ्या परीक्षा माझ्या पोटात होतात. मित्रांनो, आजवर काय काय बुडाले म्हणून सांगू!

यंदा एका मुलीने बदकासारखे पाय मारणारी होडी केली. तिची सदा धांदल, म्हणून सगळे तिला 'घाई' म्हणत. जुन्या खेळण्यातली चावी फिरवली की होडीचे दोन्ही पाय मागेपुढे हलत. पायांना पत्र्याचे ताठ पंजे होते.

तिने होडी सोडली. पाय मागे गेले, होडी वीतभर पुढे. पाय पुढे आले, होडी वीतभर मागे. चावी संपेपर्यंत बिचारी तिथल्या तिथेच! वर्गात खसखस पिकली.

घाईचा चेहरा एवढासा झाला. "काका, मी उद्यापासून येणार नाही. मला नाही जमत हे."

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बदक कुठं पाहिलंस तू?"

"तळ्याच्या काठावर. उभं होतं. पंजा अगदी हुबेहूब काढलाय मी!"

"उभ्या बदकाचा पंजा हुबेहूब आहे गं. पण पोहणाऱ्याचा कुठाय?"

ती तशीच निघून गेली. तीन दिवस तिची होडी माझ्यात एकटीच तरंगत होती. मला तर चैन पडेना. एवढी हुशार पोर एका हसण्यापायी हे सगळे सोडून देणार की काय?

चौथ्या दिवशी ती आली ती गुडघ्यांना चिखल घेऊनच. "काका, बदक पाय पुढं आणताना पंजा मिटतं! मागं ढकलताना उघडतं! मी पालथी पडून बघितलं!"

"मग कर की तसं," काका म्हणाले.

तिने पत्रा कापला आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावून मिटणारे पंजे केले. पहिल्या खेपेला एक पंजा अडकला आणि होडी गोल गोल फिरली. मुले हसली, या वेळी तीही हसली. मग तिने कानशीने कड घासली आणि पुन्हा चावी दिली.

होडी निघाली. पाय मारत, डुलत, सरळ माझ्या दुसऱ्या टोकाला येऊन धडकली. मित्रांनो, आयुष्यात ठोके पुष्कळ खाल्ले, पण इतका गोड एकही नव्हता.

"काका, उद्या किती वाजता उघडता?" घाईने विचारले.

आता माझे म्हाताऱ्याचे एक ऐका. घरी जुना टब असेल तर त्याला अंगणात गंजत टाकू नका, काम झाले की पाणी ओतून कोरडा पुसा. आणि कोणाची होडी बुडाली तर हसा खुशाल, पण आधी ती बाहेर काढायला हात घाला.