ताईचे दोन सेकंद

मिस्त्रीला नावाने कुणीच हाक मारत नसे. तेहतीस वर्षं त्याने एकाच गाळ्यात कॉम्प्युटर जोडले, आणि जोडायचे म्हणजे गवंडी भिंत बांधतो तसे, एकेक भाग हातात घेऊन, फुंकून, उलटसुलट बघून. म्हणून मिस्त्री. प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरचा मेंदू, हा तर त्याचा जीव की प्राण. गिऱ्हाईक यायचं माऊस घ्यायला आणि हा बाबा त्याला प्रोसेसरची वंशावळ ऐकवत बसायचा. "पहिले बघाल तर उघडेबोडके होते हो, डोक्यावर पंखासुद्धा नाही. मग डोकं तापायला लागलं तशी वर ॲल्युमिनियमची जाळी आली, मग जाळीवर पंखा. मध्ये एक पिढी तर कॅसेटसारखी उभी खोचायची! पूर्वी पिना चिपच्या पोटाला असायच्या, आता चिप गुळगुळीत आणि पिना बोर्डात." गिऱ्हाईक कधी कधी माऊस न घेताच सटकायचं. मिस्त्रीला त्याचं काही नसे.

या वेडाचं मूळ घरात होतं. मिस्त्रीची ताई त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवायची, जीभ ही अशी धारदार. तिशीच्या आतच तिला स्नायू निकामी करत जाणारा आजार झाला. आधी पाय गेले, मग हात, मग वाचा. डोळ्यांच्या पापण्यासुद्धा हळूहळू अर्ध्यावर येऊन थांबल्या. उरलं काय, तर उजव्या हाताचं एक बोट आणि कान. डोकं मात्र लख्ख, आणि तीच तर खरी शिक्षा होती.

मिस्त्री तेव्हा चोवीस वर्षांचा. त्याने एका जुन्या कॉम्प्युटरवर तिच्यासाठी एक प्रोग्राम लिहिला. पडद्यावर सोळा घरं. फेरी सुरू झाली की एक लांब सूर (तेव्हा बटण दाबलं तर ते पहिल्याच घरात धरलं जाई), मग एकेका घरावर उजेड पडायचा आणि प्रत्येक घराला टिक असा आवाज. ताई टिक मोजायची आणि हवं ते घर आलं की बोटाखालचं बटण दाबायची. पहिलं घर 'हो', दुसरं 'नाही', मग 'पाणी', 'कूस बदला', 'दुखतंय', 'खिडकी', 'रेडिओ' असं करत करत सोळावं. सोळाव्या घरात काय ठेवायचं यावर घरात आठवडाभर खल झाला. मिस्त्री एकेक शब्द वाचून दाखवायचा आणि ताई 'नाही' दाबायची. शेवटी वैतागून तो म्हणाला, "मग काय 'गाढवा' लिहू?" ताईने पुढच्याच फेरीत 'हो' दाबलं. तेव्हापासून दिवसातून निदान चारदा तो गाढव व्हायचा, आणि त्या दिवसांत घरात हसू येत असे ते बहुतेक याच घरातून.

अडचण एकच होती. ताईचं बोट फार मंद. टिक ऐकून दाबायचं ठरवल्यापासून बोट खाली जाईपर्यंत दीड सेकंद लागे. म्हणून प्रत्येक घर दोन सेकंद थांबायला हवं. आता यंत्राला थांबवायचं कसं? मिस्त्रीने अगदी त्या काळातली रीत वापरली: यंत्राला रिकामे आकडे मोजायला लावायचे. एक, दोन, तीन, नऊ हजारापर्यंत मोज आणि मग पुढच्या घरावर जा. त्या जुन्या प्रोसेसरला नऊ हजार मोजायला बरोबर दोन सेकंद लागत. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, आकडा कमीजास्त करत, मिस्त्रीने ते जुळवलं होतं.

पुढे प्रोसेसर बदलत गेले तसा आकडा वाढत गेला. नवं यंत्र घरी आलं की ताईची घरं घोड्यासारखी उधळायची. मग मिस्त्री घड्याळासमोर बसायचा. चाळीस हजार. तीन लाख. चाळीस लाख. मग कोटी. गाळ्यातल्या कपाटाच्या दाराला आतून त्याने हे आकडे एकाखाली एक लिहून ठेवले होते. कोणी विचारलं तर ऐटीत सांगायचा, "सगळ्या जगाने काय धाव घेतलीय ती बघा, आणि ही सगळी धाव खर्ची पडते आमच्या ताईचे दोन सेकंद भरायला." अहो, त्याच कॉम्प्युटरमध्ये घड्याळ असतं. दोन सेकंद झाले का, हे त्यालाच विचारता येतं. शिकलेली पोरं तसंच करतात. पण मिस्त्रीची रीत तीस वर्षं चुकली नव्हती, आणि चालणाऱ्या रीतीला हात लावायचा नाही हा त्याच्या धंद्यातला नियमच होता.

यंदा उन्हाळ्यात ताईला श्वास पुरेना. दवाखान्यात न्यावं लागलं. घरचं यंत्र अकरा वर्षांचं, भलंमोठं, कपाटाएवढं धूड. ते तिच्या खाटेशेजारी ठेवायला कुणी देईना. पहिला दिवस ताई मुकी पडून राहिली. मिस्त्रीला घास गोड लागेना. दुसऱ्या दिवशी त्याने गाळा बंद ठेवला आणि एका विटेएवढ्या डब्यात नवा कॉम्प्युटर बसवला. आतला प्रोसेसर अगदी ताज्या पिढीचा, नुकताच बाजारात आलेला. डबा इतका घट्ट की आत वारा शिरायला जागा नाही. तो नीट चालतो का हे बघायला त्याने दोन तास त्याच्यावर कामाचा मारा केला. वर पत्रा, बाहेर रणरणतं ऊन, डबा हाताला चटका देत होता. तशातच घड्याळाकडे बघत त्याने आकडा जुळवला. सोळा घरं, बत्तीस सेकंद. अगदी काट्यावर काटा.

"घे ताई, तुझं तोंड आणलं," असं म्हणत त्याने तो डबा तिच्या उशाशी ठेवला. अतिदक्षता विभागात हवा अशी थंड की मिस्त्रीने स्वेटर मागवला होता. त्याने ताईच्या बोटाखाली बटण सरकवलं, आणि तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्याच.

बाई भल्या होत्या, उगाच गोलगोल बोलल्या नाहीत. ताईच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुमची छाती थकली आहे. गळ्यातून नळी घालून मशिनवर ठेवलं तर तुम्ही अजून काही वर्षं काढू शकाल, घरीही जाऊ शकाल. नळी घातली नाही तर दोनतीन दिवस. काही जण या टप्प्यावर नको म्हणतात आणि तेही आम्ही मानतो. तुम्हीच सांगा. नळी घालायची?"

लांब सूर वाजला. टिक. टिक. बोट खाली गेलं.

"नाही," मिस्त्रीने वाचलं. "ताई, नीट सांग गं. घाई करू नकोस. घालायची ना?"

पुन्हा सूर. पुन्हा बोट. 'नाही'.

टिक जरा घाईने वाजतेय असं मिस्त्रीला एकदा वाटून गेलं. पण त्याची स्वतःचीच छाती धडधडत होती, भिंतीवरची यंत्रं किणकिणत होती, सगळं जगच घाईने चाललं होतं. त्याने तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदाही 'नाही'. ताईच्या अर्ध्या मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळलं.

"म्हणजे नळी नको. हे नक्की समजायचं का आम्ही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

यावेळी ताईने जवळजवळ अख्खी फेरी जाऊ दिली. टिका संपत आल्या तेव्हा बोट हललं, लांब सूर वाजला आणि बोट दाबलं गेलं. 'हो'.

बाईंनी कागदावर लिहिलं. मिस्त्रीने खाली सही केली. ताईचं बोट अजून चाळवत होतं. पाणी, खिडकी, काहीही येत होतं, कशाला कशाचा मेळ नव्हता. मिस्त्रीला ते बघवेना. "दमू नकोस ताई, कळलं आम्हाला," असं म्हणून त्याने डबा बंद केला आणि तिचा हात पांघरुणात घातला. तिसऱ्या दिवशी सकाळी ताई गेली.

लोक भेटायला आले. "त्यांनी स्वतः ठरवलं, असं भाग्य कुणाला मिळतं?" म्हणाले. मिस्त्रीनेही तेच धरून ठेवलं होतं. आपण तीनदा विचारलं, ताईने तीनदा सांगितलं, आपण फक्त तिचं ऐकलं. रडू आलं की हे स्वतःला बजावायचं आणि तोंड धुवायचं. तीन आठवड्यांनी त्याने गाळा उघडला.

पहिलंच गिऱ्हाईक म्हणजे घरांचे नकाशे काढणारी एक बाई. तिला मोठं यंत्र हवं होतं. काउंटरवरचं प्रोसेसरचं खोकं उचलून ती म्हणाली, "याच्यावर दोन वेग का लिहिलेत?"

बऱ्याच दिवसांनी कुणी त्याच्या आवडीचं विचारलं होतं. मिस्त्रीची गाडी आपोआप रुळावर आली. "त्याचं काय आहे मॅडम, जुने प्रोसेसर एकवचनी होते. जन्मभर एकच वेग. हे आत्ताचे तसे नाहीत. खालचा वेग हा याचा हमखास वेग. वरचा वेग तो मनाने काढतो. हवा थंड असली, डोक्यावर काम थोडं असलं, की धावत सुटतो. तापला की परत आपला..."

त्याने तिच्या हातातलं खोकं परत घेतलं.

"परत काय?" बाईंनी विचारलं.

"परत हळू होतो," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही उद्या याल का?"

हे त्याला माहीत नव्हतं असं नाही, हो! हेच तर दुःख. खोक्याखोक्यावर छापलेलं होतं, दहा वर्षं तो ते रोज दहा जणांना सांगत होता. त्याच्या तोंडाला ते पाठ होतं. ताईचा आकडा जुळवणाऱ्या हातापर्यंत ते कधी पोचलंच नाही.

डबा घरून आणायला अर्धा तास लागला. शेजारच्या औषधवाल्याकडे गारेगार हवा असायची. मिस्त्रीने त्याच्या काउंटरवर डबा ठेवला, वायर लावली आणि डबा गार पडेपर्यंत वाट बघत उभा राहिला. मग प्रोग्राम सुरू केला आणि भिंतीवरच्या घड्याळावर डोळे लावले. लांब सूर. सोळा टिका. बत्तीस सेकंद लागायला हवे होते. एकवीस लागले. पुन्हा केलं. पुन्हा एकवीस.

"काय मोजताय एवढं, मिस्त्री?" औषधवाल्याने विचारलं.

मिस्त्री हिशेब करत होता आणि करायचा नव्हता. उन्हात तापलेल्या डब्यावर जुळवलेलं दोन सेकंदांचं घर गारव्यात सव्वा सेकंदाच्या आसपास आलेलं. ताईचं बोट दीड सेकंदाने पडणार. म्हणजे दरवेळी एक घर पुढे. 'हो'ची टिक ऐकून तिने बोट ढकललं की ते पडणार 'नाही'वर. तिन्ही वेळा ती 'हो' म्हणत होती. नळी घाला म्हणत होती. काही वर्षं हवीत, घरी यायचंय, असं त्या एका बोटाने जिवाच्या आकांताने सांगत होती, आणि हा समोर बसून 'नाही', 'नाही' वाचत होता. तिला वाटलं असेल, आपलं बोटच आता ऐकत नाही. तीस वर्षांत यंत्राने कधी दगा दिला नव्हता, मग ती यंत्रावर शंका तरी कशाला घेईल?

आणि चौथ्या वेळी? चौथ्या वेळी ती शेवटच्या घरापर्यंत थांबली होती. सोळाव्या. 'गाढवा' म्हणाली होती ती त्याला. सोळाव्यापुढचं घर म्हणजे पुन्हा पहिलं, म्हणून डब्याने ते 'हो' करून टाकलं आणि डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं.

मिस्त्री औषधवाल्याच्या पायरीवर येऊन बसला. साधं तिचं बोट हातात घेऊन विचारलं असतं, नळी हवी असली तर दाब म्हणून, तरी झालं असतं. दीड सेकंद थांबायचं, बस्स. कुठला प्रोसेसर नको, कुठला डबा नको. एवढं त्याला सुचलं नाही, कारण ताईशी बोलायचं म्हणजे यंत्राकडे बघायचं, हे त्याने स्वतःलाच तीस वर्षं शिकवलं होतं.

घरी आला तेव्हा दुपार कलली होती. बायको ताईच्या खोलीत गादीचे अभ्रे काढत होती. मिस्त्रीने ठरवलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही, आपल्याबरोबरच जाऊ दे. पण तिचं "जेवलात का?" ऐकलं आणि त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. तिला आधी काही उमगेना. प्रोसेसर, वेग, थंड हवा, हे तिच्या कानावरून आयुष्यभर नुसतं गेलं होतं. मग त्याने टेबलावर बोट टेकवून, तोंडाने टिक टिक करून दाखवलं, 'हो'चं बोट 'नाही'वर कसं पडतं ते. दोनदा करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने त्याचा हात धरला.

ती रिकाम्या खाटेवर बसली. अभ्र्याची घडी घालत राहिली, मोडत राहिली.

"म्हणजे तुम्ही डबा बंद केलात," ती शेवटी म्हणाली, "तेव्हा वन्सं बोलत होत्या."

"हो," मिस्त्री म्हणाला.