आईचा फोनवरचा आवाज

"गर्भपात करायचा असेल तर आधी कोणाला विचारायचं असतं?"

विचारलं टकळीने, पण प्रश्न ढापणीचा होता. मधल्या सुट्टीत ढापणीने चष्मा नाकावर सरकवत पैज लावली होती, की आरोग्याच्या तासाला एवढं विचारून दाखव, मग तुला मानलं. टकळीच्या तोंडाला मुळी फाटकच नाही. तिने बाक वाजवून पैज घेतली. अडचण एकच होती. आरोग्याच्या तासाला बाहेरून बोलावलेल्या बाई म्हणजे टकळीची सख्खी आई.

आई बायकांच्या दवाखान्यात समुपदेशक होती. घाबरलेल्या, गोंधळलेल्या बायका तिच्यासमोर येऊन बसत, नाहीतर फोन करत, आणि ती त्यांचं ऐकून घेई. आज ती नववीच्या मुलींसमोर उभी होती आणि सगळ्या वर्गात खसखस पिकली होती. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या खेळाच्या मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. टकळीने मनातल्या मनात कान झाकले. आता आई डोळे वटारणार, 'घरी ये, मग बघते तुला' म्हणणार.

आईने खडू खाली ठेवला. "चांगलं विचारलंत तुम्ही," ती म्हणाली. "आधी स्वतःला विचारायचं."

तुम्ही! टकळी मटकन खाली बसली. आईने तिला आजवर अगं, ए, बये, कार्टे, सगळं काही म्हटलं होतं. तुम्ही कधीच नाही.

आई पुढे बोलत राहिली आणि हसू आपोआप विरलं. दिवस राहिले आणि नको असतील तर घाबरून कुठलंही औषध घ्यायचं नाही, आधी दवाखाना गाठायचा. सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांनी होतं. नाहीतर दवाखान्यात छोटीशी प्रक्रिया असते, फार वेळ लागत नाही. कोणाला मूल हवं असतं, कोणाला जन्म देऊन दत्तक द्यायचं असतं, तेही रस्ते आहेतच. कायदा काय म्हणतो ते दवाखान्यात विचारायचं, शेजारच्या काकूंना नाही. गोळ्या घेतल्यावर पोटात पाळीपेक्षा जास्त दुखतं, रक्त जातं, ते ठरलेलंच. पण पॅडमागून पॅड भिजत राहिली, ताप उतरेना, चक्कर आली, तर तडक डॉक्टर. आणि मदतीची पाटी लावून नुसतं घाबरवणारेही बसलेले असतात. जो सगळे रस्ते दाखवतो आणि कुठल्याच रस्त्यावर ढकलत नाही, तो आपला.

सगळं कसं सावकाश, मऊ आवाजात. टकळीला त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ झालं, पण तिच्या डोक्यात बसला तो आवाज. हा आवाज आपल्या घरात राहतो आणि आपल्याला कधी भेटला नाही?

जग म्हणतं, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. टकळीच्या आईचं बरोब्बर उलटं होतं. दुसऱ्यांचे सगळे बाब्ये, आणि स्वतःचं एकुलतं एक ते कार्टं. फोनवर कुणा अनोळखी बाईला ती म्हणायची, "सांगा, मी ऐकतेय." टकळीने शाळेतलं काही सांगायला तोंड उघडलं, की, "पटकन बोल, गॅसवर दूध आहे." टकळीला दुधाचाही हेवा वाटे. निदान त्याच्याकडे कोणी टक लावून बघतं तरी.

बाबांना सांगून उपयोग नव्हता. बाबांचं घराखालीच किल्ल्या बनवायचं दुकान होतं. गावातलं कुठलंही कुलूप ते उघडत, पण बायकोचं तोंड उघडणं त्यांनाही जमलेलं नव्हतं. दवाखान्यातलं अवाक्षर ती घरी आणत नसे. "त्या कुलपाची किल्ली निघालेलीच नाही," असं बाबा हसत हसत म्हणत आणि जेवायला बसत.

एवढ्यावर भागलं असतं, तर टकळी दोन दिवस जळफळून गप्प बसली असती. पण मग मॅडम मधे आल्या.

खेळाच्या मॅडम म्हणजे टकळीचं दैवत. गावात एकट्या खोली घेऊन राहायच्या, शिट्टी गळ्यात, चाल अशी की जमीनच मागे सरकावी. रिलेच्या संघाची कप्तान त्यांनी टकळीला केलं होतं, घरच्या फोनचा नंबर घेऊन ठेवला होता, आणि "शेवटचा टप्पा तुझा" असं सगळ्यांदेखत म्हटलं होतं. जिल्हा स्पर्धेच्या निवड चाचणीला आईने यावं म्हणून टकळी आठवडाभर मागे लागली होती. आई म्हणाली, काम आहे, जमणार नाही.

टकळी पहिली आली. धापा टाकत ती पाणी प्यायला व्यायामशाळेच्या मागे गेली, तर तिथल्या बाकावर आई बसलेली. शेजारी मॅडम. चाचणी अर्ध्यात दुसऱ्या सरांच्या हाती सोपवून त्या कुठे गेल्या होत्या ते आत्ता कळलं. आईने स्वतःची पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली होती आणि त्या हातावर आपला हात ठेवला होता.

टकळीच्या अंगाचा तिळपापड झाला. मैदानापासून वीस पावलांवर आई येऊ शकते, पण तिच्यासाठी नाही. आणि मॅडमना सगळं सोडून आपलीच आई सापडली? कोणाचा जास्त राग करावा हेच तिला ठरवता येईना. आईने मॅडम पळवल्या, का मॅडमनी आई?

ढापणीनेही बघितलं होतं. "तुझी आई मॅडमशी एवढं काय गुलुगुलु बोलते गं?" तिने विचारलं. "आता ही पैज. काढ शोधून."

दुसऱ्या दिवशी मॅडम शाळेत आल्या नाहीत. संध्याकाळी टकळी घरात एकटी होती, खाली बाबांचं यंत्र किल्ल्या कातत किंचाळत होतं, आणि तिच्या डोक्यातला जाळ काही विझत नव्हता. शोधून काढायचं राहिलं बाजूला. तिला फक्त तो आवाज हवा होता, स्वतःसाठी. तिने ओढणीचा बोळा रिसीव्हरवर धरला, घसा जाड केला आणि दवाखान्याचा नंबर फिरवला. समोर कोणाचा फोन आहे ते तिथे दिसत नाही, मुद्दामच तशी सोय ठेवलेली, हे तिला ठाऊक होतं.

"सांगा," आई म्हणाली. "मी ऐकतेय."

टकळीने एका बाईची गोष्ट रचून ठेवली होती, नवरा, सासू, सगळं. त्यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही.

"माझं कोणी ऐकत नाही," ती म्हणाली.

पलीकडे आईने खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. मग, "कोणी म्हणजे कोण?"

आणि टकळी बोलत सुटली. नावं न घेता, हळूहळू. घरातलं एक माणूस सगळ्या जगाचं आहे. ती पळते आणि बघायला ते येत नाही. तिला वाटतं, आपणही एकदा काहीतरी मोठं संकट घेऊन त्याच्यासमोर जाऊन बसावं. आईने मधे तोडलं नाही. कुठेही दूध उतू गेलं नाही. शेवटी "तुम्ही परत कधीही फोन करा" असं आई म्हणाली, तेव्हा ओढणीचा बोळा ओला झाला होता.

फोन ठेवला तोच वाजला.

"आई आहे का गं?" मॅडमचा आवाज.

बघा! कप्तानाची चौकशी नाही, आईच हवी. टकळी फणकारली. "ती दवाखान्यात आहे. तिथेच करा की."

"करतेय मघापासून. तो फोन लागतच नाहीये." मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा तो आवाज एवढासा झाला होता. "जाऊ दे. दवाखान्याचा तातडीचा नंबर आहे माझ्याकडे. पण तसं काही नाही. फक्त… मी गोळ्या घेतल्यात आज. आणि एकटी आहे."

बाक, बाटली, हातावरचा हात, सगळं एका झटक्यात उलगडलं. आणि तो फोन कोणी अडवून ठेवला होता, हेही. आपल्याला आवाज हवा म्हणून ज्या बाईला त्याची खरोखर गरज होती, तिची वाट बंद केली होती. मॅडमनी गोळ्या घेतल्याचं बाहेर फुटलं तर त्यांची शिट्टी, नोकरी, मैदान, सगळं जाईल. आणि फोडायला शाळेत टकळीपेक्षा लायक तोंड दुसरं नव्हतं.

या वेळी घसा जाड करावा लागला नाही, मऊ करावा लागला.

"सांगा मॅडम. मी ऐकतेय."

मॅडम आधी हसल्या आणि मग रडल्या. टकळीने वर्गात ऐकलेलं होतं तेच विचारलं. पॅडमागून पॅड भिजतायत का? ताप? चक्कर? नाही, नाही, नाही. दुखत होतं, पण आधी सांगितलं होतं तसंच. भीती मात्र सांगितल्यापेक्षा जास्त होती. "आता आईचा फोन लागेल," टकळी म्हणाली. "मी सांगते ना, नक्की लागेल. लगेच करा." आणि मग, "मी येऊ का?"

"आज नको. आईशी बोलते मी. उद्या ये. येशील?"

आई घरी आली तेव्हा बाबा हात धूत होते. स्वयंपाकघरात दोघीच असताना आई भांडी लावता लावता म्हणाली, "दुकानातल्या यंत्राची किंचाळी मी वीस वर्षं ऐकतेय. मला कळणार नाही होय?"

टकळीचे कान तापले. "मग ठेवला का नाहीस फोन?"

"ठेवायला हवा होता. त्या वेळी दुसऱ्या कोणालातरी तो हवा होता." आईने ताट पुसलं, परत पुसलं. "पण तू पहिल्यांदाच हळू बोलत होतीस."

टकळीला मॅडमचं नाव ओठांवर आलेलं जाणवलं. तिने ते गिळलं. आईनेही नाव काढलं नाही. दोघी एकाच गोष्टीभोवती भांडी लावत राहिल्या. जळणं पुरतं विझलं होतं असं नाही. मॅडम आजही आधी आईलाच शोधत होत्या, हे अजून बारीक टोचत होतंच. पण उद्याचं बोलावणं टकळीला होतं.

बाबांच्या मोबाइलवर ढापणीचा मेसेज येऊन पडला होता: 'कळलं का काही?' टकळीने लिहिलं, 'नाही.' एवढं लहान उत्तर तिने आयुष्यात दिलं नव्हतं.

बाबांनी पहिला घास घेतला आणि टकळीने पाण्याचं भांडं आपटून खाली ठेवलं.

"मी एक ठरवलंय," ती म्हणाली. "उद्या शाळा सुटली की मी एकांकडे जाणार आहे, आणि अंधार पडायच्या आत येणार आहे. कोणाकडे ते सांगणार नाही. का तेही नाही. आणि बाबा, परत आल्यावरसुद्धा नाही."