टेकची तोंडी परीक्षा

हाझेमने केकचा खोका मांडीवर घट्ट धरला आणि पुन्हा तेच सांगितलं, "टेक म्हणजे घेणे, काका."

(शून्य.)

"ते आमची मांजरही सांगेल," उस्ताद फिक्री म्हणाले. तांता शहरातल्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवून ते निवृत्त झाले होते. आता वर्ग म्हणून दिवाणखाना उरला होता आणि विद्यार्थी म्हणून मुलीला मागणी घालायला येणारे. "टेक ऑफ?"

"विमान उडतं."

"टेक आफ्टर?"

हाझेम खोक्याची दोरी बोटाला गुंडाळू लागला. शेजारी त्याची आई कुजबुजली, "सांग ना रे. दातांची एवढी जाड पुस्तकं पाठ केलीस."

"मदत नको, हाजिया," फिक्रींनी तिला दटावलं.

दाराआड त्यांची मुलगी नशवा उभी होती. आधीचा मुलगा, चांगला इंजिनियर, याच क्रियापदाच्या कुठल्याशा अर्थावर चहा अर्धा टाकून निघून गेला होता. तो गेला तेव्हा तिला काही वाटलं नव्हतं. हा गेला तर

(हे वाक्य तिने पुरं केलं नाही.)

"टेक आउट, काका," हाझेमला एकदम सुचलं. "दात काढणं."

(अर्धा. धंद्यातला आहे.)

"टेक आफ्टर म्हणजे एखाद्यावर जाणं. माझी मुलगी माझ्यावर गेलीय."

"देव न करो," आतून त्यांच्या बायकोचा, इनायातचा आवाज आला.

फिक्री उठून येरझाऱ्या घालू लागले. या गल्लीत पाहुण्यांपुढे चहा आला की बोलणं अजून चालू आहे. लाल सरबत आलं की लग्न ठरलं. इनायात तबक घेऊन आली आणि पहिला ग्लास तिने नवऱ्याच्याच हातात दिला.

"टेक फॉर ग्रँटेड, म्हणजे गृहीत धरणं. उदाहरणार्थ..." घशाला कोरड पडली होती. त्यांनी न बघताच ग्लास रिकामा केला.

हाझेमच्या आईने जीभ हलवत आनंदाची लांबलचक ललकारी ठोकली. वरच्या मजल्यावरून दुसरी आली, जिन्यातून तिसरी.

"हे काय? निकाल कुठे लागलाय अजून?"

"सरबत प्यायलात," इनायात म्हणाली.

"तहान लागली होती."

"मग पाणी मागायचं."

शेजारणी चपला काढून आत शिरत होत्या. नशवा दाराआडून पुढे आली होती. ती हाझेमकडे नाही, वडिलांकडे बघत होती. फिक्रींनी ग्लासाच्या तळाचा लाल थेंब नीट न्याहाळला.

"साखर कमी आहे," ते म्हणाले, आणि रिकामा ग्लास बायकोपुढे धरला.