चोचीवरची छिद्रे

संग्रहालयात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणत. दगडाशीही वाद घालतील, असा लौकिक. हयात मात्र ब्रॅकिओपॉड ओळखण्यात गेली. दिसायला शिंपल्यासारखे, पण शिंपल्यांशी नाते नसलेले हे समुद्रजीव कोट्यवधी वर्षांपूर्वी दगड झाले, आणि वकीलसाहेबांच्या टेबलावर येत ते तुकड्यातुकड्यांनी. कवचाच्या एका झडपेचा डावा अर्धा हाती लागला की उजवा आरशातल्यासारखा ताडता येतो, म्हणून तुकड्यांचे त्यांना भय नव्हते. तुकडे सांधायची त्यांची पत्नी. तिने सांधावे, त्यांनी भिंगाखाली तपासावे, मगच नाव द्यावे, हा पस्तीस वर्षांचा शिरस्ता.

तो एकदाच मोडला. शेवटच्या वर्षी तिची नजर अधू झाली होती. तरी तिने एका कवचाची चोच, म्हणजे बिजागरीजवळचे टोक, आणि काठाचा एक तुकडा सांधला. "जमलंय का बघा," ती म्हणाली. भिंग उचलावे, तर आपल्या डोळ्यांवर यांचा विश्वास उरला नाही, हे तिला कळले असते. त्यांनी ते उचलले नाही. ती गेल्यावर त्याच नमुन्यावरून त्यांनी नवी प्रजाती जाहीर केली आणि तिला पत्नीचे नाव दिले.

आता तोच नमुना घेऊन मुलगी समोर बसली होती. तीही तिथेच संशोधक.

"बाबा, चोचीवर बारीक छिद्रं आहेत. काठावर एकही नाही."

"झिजली असतील."

"आतपर्यंत? मी कड घासून पाहिली."

"घासताना बुजली असतील. तुझा हात लहानपणापासून जड."

"असू दे जड. तुम्ही बघा तर खरं."

त्यांनी पाहिले. छिद्रे असणे किंवा नसणे ही कुळाची खूण. एका कवचात दोन्ही नांदत नाहीत. चोच एका जुन्या, पूर्वीच नाव मिळालेल्या प्रजातीची होती. काठ दुसऱ्याच कुणाचा. त्या नावाचा जीव कोणत्याही समुद्रात कधी जगलाच नव्हता.

"आपण गप्प बसलो तर?" मुलगी हळूच म्हणाली. "इतक्या बारकाईनं कोण बघतंय?"

"तू पाहिलंस ना."

त्यांनी नमुना अॅसिटोनमध्ये ठेवला. सांधा सुटायला तासभर लागला. चिमट्याचा धक्काही न लागता दोन तुकडे बाजूला झाले. मग त्यांनी कागद ओढून दुरुस्ती लिहिली: नाव रद्द समजावे, चूक माझी, मूळ लेखातील 'सांधणी: पत्नी' ही ओळ वगळावी.

मुलीने वाचले. "ओळ कशाला वगळता? तपासणी तुमची होती. चूक तपासणीची लिहा, सांधणी आईची राहू द्या."

"सांधणीशेजारी चूक छापली की लोक दोन्ही एकत्रच वाचतात."

"अहो बाबा, पण नावही गेलं, ओळही गेली. मग तिचं काय राहिलं?"

"तिच्यावर बोट ठेवायला कुणाला जागा राहिली नाही."

"तुम्हाला तेव्हा ठाऊक होतं?"

"नव्हतं. ठाऊक करून घ्यायचं नव्हतं."

त्यांनी सही केली. मुलगी कागद घेऊन उठली नाही. दोघांपुढे बशीत ते दोन तुकडे वाळत पडले होते, आणि प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या पेटीत ठेवायचे काम अजून बाकी होते.