पहिली फेरी रिकामी

"अहो, कोणी आहे का बाहेर? गुदमरतोय हो मी!"

आहे ना. मी आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये लटकलेल्या लिफ्टच्या जाळीतून त्याला फक्त माझे बूट दिसत होते. मी मात्र आवाज लगेच ओळखला. सुदर्शनराव, कर्वेनगरच्या या सोसायटीचे चेअरमन. अडकलेल्याशी बोलत राहायचं, हा आम्हा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्यांचा नियम. मी तोंड उघडलं नाही. बोंबल म्हटलं.

कामवाल्या बायकांना लिफ्ट याच माणसाने बंद केली. माझी आई, सोजरबाई, दुखरे गुडघे घेऊन पाचव्या मजल्यावर याचीच भांडी घासायला चढायची. एक दिवस याच जिन्यात घसरली आणि तिचा खुबा मोडला. वरून हा म्हणाला, "बघून चालायला काय होतं?" तेव्हापासून ती खाटेवरच आहे.

मी पायरीवर बसून तिला फोन लावला.

"आई, तुझा चेअरमन लिफ्टमध्ये अडकलाय. ठेवू तसाच?"

"अगं माय! रडायलाय का?"

"ओरडतोय."

ती हसली. चांगली खुदकन हसली. मग म्हणाली, "काढ बाबा त्याला. कोंडलेल्या माणसावर कसला राग काढायलास? भाईर आल्यावर काय बोलायचं ते बोल."

दातओठ खात मी गच्चीवरच्या मशीनखोलीत गेलो. मेन स्विच पाडला, चाक हाताने फिरवत लिफ्ट दुसऱ्या मजल्याला आणली आणि खाली येऊन दार उघडलं. घामाने निथळत बाहेर येऊन त्याने माझा हातच धरला.

"देवासारखे आलात हो! नाव काय तुमचं?"

"उत्तरेश्वर. सोजरबाईंचा मुलगा."

त्याने हात सोडला.

"बऱ्या आहेत ना आता त्या?"

"नाहीत."

आईबहिणीवरच्या सगळ्या शिव्या जिभेवर आल्या होत्या. गिळल्या. "पहिली फेरी रिकामी चालवून बघावी लागते," मी म्हणालो. "तुम्ही जिन्याने जा. आणि बघून चाला."

तो कठडा धरून चढू लागला. दार लावून, त्याला मागे टाकून मी झपाझप वर गेलो, स्विच चढवला आणि पाचव्या मजल्यावर येऊन बटण दाबलं.

चौथ्याच्या वळणावर तो गुडघे धरून धापा टाकत होता. त्याच्या शेजारून, जाळीपलीकडे, दिवा लावलेली लिफ्ट सावकाश वर आली. आत कोणीच नव्हतं.