आभासी वाचनालयातली शांतता

आमच्या वाचनालयाच्या अध्यक्षांनी एका प्रदर्शनात डोळ्यांवर तो मोठा काळा चष्मा चढवला आणि समुद्राच्या तळाशी फिरून आले. तेव्हापासून त्यांना जमिनीवरचं काही आवडेनासं झालं. "मुलं आता पुस्तकांत रमत नाहीत. वाचनालयच आभासी जगात न्यायचं," असं त्यांनी समितीला सांगितलं. समितीने माना डोलावल्या. आमची समिती तेवढ्यासाठीच निवडलेली आहे.

हे जग उभं करायला माणूस बाहेर शोधावा लागला नाही. अध्यक्षांचे जावई संगणकातले. वाचनालयात सगळे त्यांना जावईबापूच म्हणत. माणूस गरीब स्वभावाचा, पण सासऱ्यांपुढे मूग गिळून बसणारा.

मी गोष्टीवाली. दर शनिवारी बालविभागात मुलांना गोष्ट सांगते, बाकीचे दिवस फाटक्या पुस्तकांना कव्हरं घालते. नोकरी हंगामी. कायम होईन, कायम होईन म्हणता म्हणता केस पिकले. सासूबाई म्हणतात, "तुझं तोंड चालतं, तेवढंच तुझं भांडवल. जपून वापर."

बालविभाग म्हणजे एक खोली. मुलांचा हात पोचेल एवढी बुटकी कपाटं, कोपरे झिजलेली सतरंजी, सुतळीने बांधलेली खिडकी, आणि भिंतीवर कंबरेएवढ्या उंचीपर्यंत पेन्सिलीच्या रेघोट्या. अध्यक्षांच्या मते मुलं यापुढे घरी चष्मे लावून गोष्टी ऐकणार, म्हणजे खोली रिकामी होणार. तिथे समितीच्या बैठकांसाठी लांब टेबल टाकायचं ठरलं होतं. सुतार येऊन मापही घेऊन गेला.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमचंही बघू काहीतरी," अध्यक्ष म्हणाले. 'बघू' म्हणजे काय, हे हंगामी माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

जावईबापूंनी आधी फार सुंदर बेत केला होता. देवमाशाच्या पोटात वाचनालय, पुस्तक उघडलं की त्यातून पक्षी उडणार. अध्यक्षांनी चित्रं पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हे वाचनालय आहे की सर्कस? आपलं आहे तसंच्या तसं करा."

मग तसंच्या तसं झालं. आभासी कपाटांना आभासी कुलपं लागली, किल्ली अध्यक्षांकडे. एकाने पुस्तक नेलं की ते परत येईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. दाराशी पाटी: छत्र्या बाहेर ठेवाव्यात.

"बाबा, तिथे पाऊस पडत नाही," जावईबापू चाचरत म्हणाले.

"उद्या पडला तर?"

शेवटी गाडी आली 'शांतता राखा' या पाटीवर. "इतकी वर्षं पाटी भिंतीवर आहे, एक माणूस जुमानत नाही. तिथे तरी जुमानली पाहिजे," असं म्हणून अध्यक्षांनी फर्मावलं की आत पाऊल टाकणाऱ्याचा आवाजच बंद व्हावा.

"अपवाद कोणाचा ठेवू?" जावईबापूंनी विचारलं.

"कोणाचाही नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"मग मी गोष्ट कशी सांगायची?" मी म्हटलं.

"हळू आवाजात," अध्यक्ष म्हणाले आणि विषय संपला.

उद्घाटनाला ग्रंथालय खात्याच्या अधिकारी बाई आल्या. खोली मोडायला त्यांची परवानगी लागणार होती. मुलं चष्मे लावून सतरंजीवर बसली. बाईही चष्मा लावून बुटक्या स्टुलावर बसल्या, त्यांचे गुडघे हनुवटीला टेकत होते. अध्यक्ष मात्र वरच्या मजल्यावर, आपल्या केबिनमध्ये. मुलांबरोबर सतरंजीवर बसणं पदाला शोभत नाही म्हणे. तिथूनच चष्मा लावून ते आत शिरणार, भाषण करणार, मग माझी गोष्ट.

भाषण सुरू झालं असावं. खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता.

"मावशी, साहेब नुसते हात हलवतायत," एक मुलगी म्हणाली.

जावईबापूंचा चेहरा पांढराफटक पडला. माझ्या कानाशी येऊन ते पुटपुटले, "त्यांचाही आवाज बंद आहे. नियम त्यांचाच."

"मग चालू करा."

"त्यासाठी सगळ्यांना बाहेर काढावं लागेल. भाषण चालू असताना त्यांना बाहेर काढू?"

तेवढी छाती दोघांचीही नव्हती. खरं सांगायचं तर मला आतून बरंच वाटलं. फजिती होऊ दे, टेबल आपोआप बारगळेल. पण मुलं चुळबुळायला लागली, सगळ्यात लहान पोरगं चष्म्याआड मुसमुसू लागलं, आणि माझ्याच्याने राहवेना. माझी जीभ मी कधी आवरली आहे?

"एक होतं अस्वल," मी चष्मा न लावताच सतरंजीच्या कडेला बसून सुरू केलं. "पोट मोठं, तोरा त्याहून मोठा. आता काय करतंय ते?"

"हात वर केले!"

"झाडावरचं पोळं काढायला निघालंय मधाचं. आणि आता?"

"गरागरा फिरवतंय हात!"

"माश्या उठल्या."

वाचनसंस्कृतीचा ऱ्हास सांगताना अध्यक्ष किती हातवारे करतात, ते आम्हाला ठाऊक आहे. त्यांनी छातीवर हात आपटला, अस्वलाला माशी चावली. त्यांनी बोट उगारलं, अस्वल माश्यांना दम देऊ लागलं. मुलं हसून हसून एकमेकांवर पडली. मुसमुसणारं पोरगं सगळ्यात मोठ्याने हसत होतं. वर अध्यक्षांना चष्म्यात मुलांच्या जागी डोलणाऱ्या बाहुल्या दिसत होत्या, म्हणून ते आणखी रंगात आले.

बाईंनी चष्मा काढला तेव्हा हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आवाज काय स्वच्छ आहे हो. जणू शेजारीच बसून कोणी बोलतंय. ही ध्वनियंत्रणा कुठे बसवली आहे?"

मी तोंड उघडणार, तोच जावईबापू जन्मात पहिल्यांदा आधी बोलले. "याच खोलीत, मॅडम. तिला इथून हलवता येत नाही."

"मग खोलीला हात लावू नका. टेबल दुसरीकडे टाका."

एवढ्यात अध्यक्ष जिना उतरून आले. "कसं वाटलं?"

"तुमचं काम फार जिवंत झालं. मुलं हसून लोळली," बाई म्हणाल्या. ऱ्हासावर कोण हसतं, असा प्रश्न अध्यक्षांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला. पण आलेली स्तुती त्यांनी आजवर कधी परत पाठवलेली नाही.

पुढच्या बैठकीत मी कोपऱ्यात कव्हरं घालत बसले होते. एका सभासदाने विचारलं, "ती ध्वनियंत्रणा भाड्याची की आपली?"

जावईबापूंनी माझ्याकडे पाहिलं. "आपलीच."

"मग कायम मालमत्तेत तिची नोंद करा," अध्यक्ष म्हणाले. समितीने माना डोलावल्या. इतक्या वर्षांत या संस्थेने मला आपलं म्हटलं ते हे असं. मला हसू आवरेना.

घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं, "खोली वाचली. आणि मी कायम झाले, पण यंत्र म्हणून. माणूस म्हणून अजून हंगामीच."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि जरा विचार केला.

"मग एखाद्या शनिवारी बंद पडून दाखव," त्या म्हणाल्या.