वर्दी

बहिणीच्या घरी त्याला गाढ झोप लागे; स्वतःच्या घरी डोळ्याला डोळा लागत नसे.

बहीण तोंडाची फटकळ. सकाळी धाडकन दार ढकलून आत शिरे. "ऊठ रे ऐद्या! इतकी वर्षं सरकारनं पोसलं, आता मी पोसू का?"

स्वतःच्या घरी मात्र तो सैन्यातून परतल्यापासून बायको, मुलगी, म्हातारे वडील त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपत. त्याला अचानक दचकवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून प्रत्येकजण दाराबाहेर मुद्दाम खोकून वर्दी देई. शेजारीण हसे, "अगं, घरादाराला क्षय झालाय की काय?"

बायको पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत होती. कारणावाचून कार्य तिला मान्य नव्हतं. तिनं एकेक शक्यता वगळून पाहिली. गादी बदलली, गोळ्यांची वेळ बदलली, नणंदेकडची उशीसुद्धा आणली. फरक शून्य. आता नणंद त्याला कायमचं घेऊन जाणार होती.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी बायको त्याचे कपडे भरायला त्याच्या खोलीशी आली. खोकली, आत गेली. पेंगत पडलेला तो झटक्यात उठला आणि त्याचा तळवा तिच्या नाकातोंडावर घट्ट बसला.

"गप! खाली आहेत ते. थोडं सोस, दोस्ता."

तिनं बोचकारलं तेव्हा त्यानं तिला ओळखलं. हात काढून तो भिंतीला टेकला.

"कोण दोस्त?" धापा टाकतच तिनं विचारलं.

"छातीत गोळी होती त्याच्या. खोकला थांबेना. खाली ओढ्यात शत्रूची गस्त. मी तोंड दाबून धरलं. गस्त गेल्यावर हात काढला."

"मग?"

"मग तो खोकला नाही."

ती पलंगाच्या कडेला बसली. मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलंत?"

"कसं सांगू? बाबा गुडघे धरत जिना चढतात आणि माझ्यासाठी खोकतात. त्यांना म्हणू, खोकू नका?"

"आजपासून कोणी खोकणार नाही."

"मग सगळे दाराबाहेर श्वास रोखून उभे राहाल. मला तेही ऐकू येईल."

ती त्याच्या शर्टांच्या घड्या घालू लागली. कारण आता स्पष्ट होतं. त्याच्या हाताखाली एक माणूस खोकता खोकता गुदमरून मेला होता, आणि त्याच्यावर माया असलेलं प्रत्येक माणूस रोज त्याच्या दाराशी येऊन खोकत होतं. नणंद खोकत नसे.